वयाचं व्याकरण

पुण्यात परदेशी भाषांचीही पंगत बसते. जर्मनचं पान पहिल्या ओळीत, कारण जर्मन शिकणारा इंजिनिअर असतो किंवा होणार असतो. शेजारी फ्रेंच, जराशी नटलेली. जपानीला मानाचा पाट, कारण जपानी शिकलेल्या मुलाच्या पगाराचा आकडा त्याच्या आईला तोंडपाठ असतो. रशियन शिकलेली पिढी आता निवृत्त होऊन सोसायट्यांच्या कमिट्या चालवते, पण तिलाही अजून कुणी पानावरून उठवलेलं नाही. कोरियनचं पान मात्र अगदी शेवटी, दाराजवळ. आणि ही पाहुणी आपल्याकडची की शेजारच्या कार्यालयातून चुकून आलेली, हे वाढणाऱ्यांनाही नक्की माहीत नाही. "मालिका बघून खूळ लागलं असेल," असं तिच्याबद्दल बोललं जातं. बोलणारी स्वतः त्याच मालिकांपायी रात्री दोनपर्यंत जागी असते, ते सोडा.

त्यातही विशीतल्या मुलीनं कोरियन शिकायला सोलला जाते म्हटलं, तर घरचे फार तर रागावतात. पंचेचाळिशी उलटलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या, मुलाला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात पोचवून आलेल्या बाईनं तेच म्हटलं की कुणी रागावत नाही. सगळे काळजी करतात. नवऱ्याला बाजूला घेऊन आवाज खाली आणून विचारतात, "सगळं ठीक आहे ना?"

म्हणून मी माणूस बघून कारणं द्यायला लागले. दिरांना सांगितलं की रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावची जनरल मोटर्सची जागा ह्युंदाईनं घेतली आहे, दुभाष्यांना मरण नाही. बँकेतल्या साहेबांना सांगितलं की २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आहे. साहेबांनी धोरण वाचलेलं नव्हतं आणि मी त्यातली ती एकच ओळ वाचली होती, त्यामुळे चर्चा लांबली नाही. बिनपगारी रजा मिळाली. मामाला काही सांगावंच लागलं नाही. त्यानंच मला सांगितलं. 'सामगुक युसा' नावाच्या तेराव्या शतकातल्या कोरियन ग्रंथात एक कथा आहे: इसवी सन ४८ मध्ये समुद्रापलीकडच्या 'आयुता' देशाची राजकन्या बोटीतून आली आणि तिनं गया राज्याच्या सुरो राजाशी लग्न केलं. हे आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं पुष्कळ जण मानतात. अयोध्येत २००१ साली त्या राणीचं स्मारकही झालं. "म्हणजे आपली मुलगी दिलेली आहे तिथे," मामा म्हणाला, "जा तू बिनधास्त." कथेला पुरावा किती, हा प्रश्न मी विचारला नाही. आपल्या बाजूचा साक्षीदार उलटतपासणीला घेऊ नये.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मालिका बघताना एक गोष्ट मला छळायची. पडद्यावर एखादा तरुण एखाद्या गृहस्थाला साधंसंच काही विचारायचा आणि तो गृहस्थ टेबलावर हात आपटून उठायचा. खाली इंग्रजीत आलेलं असायचं, 'काल कुठे होतास?' यात टेबल आपटण्यासारखं काय? बऱ्याच मालिका संपवल्यावर डोक्यात प्रकाश पडला की भांडण क्रियापदाच्या शेपटीवरून चाललंय. पोरानं 'होतात' म्हणायच्या जागी 'होतास' म्हटलं होतं. इंग्रजीला 'अरे' आणि 'अहो' दोन्ही सारखेच, त्यामुळे इंग्रजी ओळींवर विसंबून बघणारा प्रेक्षक निम्म्या कोरियन भांडणांना मुकतो. आणि डोळ्यांसमोर चाललेलं भांडण कळू नये, ही गोष्ट सोसायटीत राहणाऱ्या बाईला सहन होण्यातली नव्हती.

कोरियात भाषा शिकायला जाणाऱ्यांचा व्हिसा डी-४ या वर्गातला. त्यासाठी बँकेतल्या पैशांचा दाखला लागतो, अभ्यासाचा आराखडा लिहून द्यावा लागतो आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर अपोस्टिलचा शिक्का लागतो. ते काम करून देणाऱ्या एजंटनं माझ्या प्रमाणपत्रावरचं साल बघितलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाला, "मॅडम, हे आईचं आलंय. मुलाचं आणा."

सोलमधला शिन्चोन हा भाग विद्यार्थ्यांचा. योन्से, सोगांग, इह्वा ही तीन विद्यापीठं चालत जाण्याच्या अंतरात, आणि तिघांचीही परदेशी लोकांना कोरियन शिकवण्याची केंद्रं आहेत. योन्सेचं केंद्र १९५९ पासूनचं. साधारण रचना सगळीकडे सारखी: सहा पातळ्या, एक सत्र दहा आठवड्यांचं, सोमवार ते शुक्रवार रोज चार तास, म्हणजे एका सत्राचे दोनशे तास. हजेरी कमी पडली तर व्हिसाच अडचणीत येतो, त्यामुळे कॉलेजात कधीही न पाळलेली शिस्त माणूस या वयात पाळतो.

याच शिन्चोनचा एक जुळा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. मेट्रोच्या त्याच दोन नंबरच्या हिरव्या मार्गावर शिन्चॉन नावाचं स्टेशन होतं. एकात 'ओ', दुसऱ्यात 'ऑ'. खुद्द कोरियन माणसंही इतकी चुकायची, की २०१६ च्या अखेरीला त्या दुसऱ्या स्टेशनचं नावच बदलून टाकलं. हे कळल्यावर मला फार धीर आला. ज्या स्वरांपुढे सरकारनं हात टेकले, त्यांच्यापुढे आपण टेकले तर काय मोठंसं.

लिपीचं मात्र तसं नाही. सेजोंग राजानं ती १४४३ मध्ये घडवली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तोवर लिहायचं म्हणजे चिनी अक्षरांत, म्हणजे ज्याच्याकडे वेळ आणि वाडवडिलांची जमीन आहे त्यानं. सेजोंगची अक्षरं मूळची २८, आज वापरात २४. 'न' काढायचा तर वरच्या दातांमागे टेकलेली जीभ काढायची, 'म' काढायचा तर मिटलेलं तोंड, 'ग' काढायचा तर घशाकडे उचललेली जीभ. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य घोकत वाढलेल्या मराठी माणसाला हे बघून माहेरी आल्यासारखं होतं. लिपीबरोबर तिचं स्पष्टीकरण देणारा जो ग्रंथ निघाला, त्यात असं म्हटलंय की हुशार माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मंदबुद्धीलाही दहा दिवस पुरतील. इतकी स्वच्छ विभागणी करून ठेवल्यामुळे मला किती वेळ लागला ते मी कुणाला सांगत नाही. सेजोंग आज दहा हजार वॉनच्या नोटेवर आहे आणि ९ ऑक्टोबरला देशभर लिपीच्या नावानं सुट्टी असते. बँकेत काम करणाऱ्या कुणाच्याही मनात या लिपीबद्दल आपोआप आदर उत्पन्न होतो.

अक्षर कागदावर ठीक. तोंडात आलं की त्याचे तीन होतात. एक मऊ, एक श्वास सोडून म्हणायचं, एक घसा आवळून. चंद्र, मुलगी आणि मुखवटा या तीन वस्तू कोरियनमध्ये एवढ्याशा फरकावर एकमेकींपासून वेगळ्या राहतात. माझ्या कानाला तिन्ही म्हणजे 'ताल' आणि 'ताल' आणि 'ताल'. आमच्या बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक टिश्यू पेपर दिला आणि तो तोंडासमोर धरायला सांगितला. मुखवटा म्हणताना कागद उडायला हवा, मुलगी म्हणताना हलता कामा नये, चंद्राच्या वेळी नुसता थरथरावा. सकाळी नऊ वाजता जगाच्या निरनिराळ्या देशांतून आलेले लोक तोंडापुढे कागद धरून चंद्राला थरथरवताहेत, हे दृश्य काचेच्या दारातून बघणाऱ्या सफाईच्या मावशींनी रोजचं असल्यासारखं बघितलं. बहुधा रोजचंच असावं.

वर्गात व्हिएतनामी, मंगोलियन, उझबेक आणि चिनी मुलं होती. बहुतेक एकोणीस-वीसची, पुढे इथल्याच विद्यापीठांत जायच्या तयारीतली. एक फ्रेंच मुलगा होता, त्याला क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं या गोष्टीचं मनापासून दुःख झालं होतं. आपल्याला त्याचं काय! नामाला प्रत्यय मागून लावायचे, क्रियापद शेवटी आणायचं, आणि हो की नाही ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून अगदी शेवटच्या क्षणी ठरवायचं, हे आपण जन्मापासून करत आलोय. आणि एक जपानी आजी होत्या. सत्तरीच्या. त्या कशाला शिकत होत्या हे त्यांना कुणी विचारलं नाही, कारण वर्गात सगळ्यांत जास्त मार्क त्यांनाच असायचे.

पहिल्याच धड्यात नाव, देश आणि वय. नाव आणि देश समजू शकते, पण वय? पुण्यात बाईला वय विचारणारा एक तर डॉक्टर असतो, नाही तर जनगणनेचा माणूस. इथे त्याला इलाज नाही, कारण वय कळल्याशिवाय क्रियापद पुढे सरकत नाही. समोरचा मोठा की धाकटा, ओळखीचा की परका, त्याचा हुद्दा काय, हे ठरल्यावर शेपूट ठरते. आपलं 'ये, या, यावं' असतं. त्यांचं 'वा, वायो, ओसेयो, ओशिप्शिओ'. आजोबांचं जेवण वेगळं, नातवाचं वेगळं, खाण्याचं क्रियापदही वेगळं. 'तुम्ही' हे सर्वनाम तर शक्यतो वापरतच नाहीत. नातं किंवा हुद्दा सांगून भागवतात. शब्दकोशात 'दांगशिन' असा एक शब्द सापडतो खरा, पण तो बोलण्यात येतो प्रामुख्यानं दोन ठिकाणी: नवरा-बायकोत आणि रस्त्यावरच्या भांडणात. यात कोरियन माणसाला काहीही विसंगत वाटत नाही.

वयाची भानगड त्यांनाही अलीकडे जड झाली होती. जन्मताच मूल एक वर्षाचं धरायचं आणि दर नव्या वर्षाला सगळ्या देशाचं वय एकदम एकानं वाढवायचं, अशी जुनी रीत. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वर्षांचं. शेवटी २८ जून २०२३ पासून कायद्यानं आपल्यासारखंच वाढदिवसाला वय मोजायचं ठरलं, आणि कागदोपत्री सगळी कोरियन जनता एका रात्रीत एक-दोन वर्षांनी तरुण झाली. एखादं सरकार लोकांना याहून जास्त काय देऊ शकतं, मला कल्पना नाही.

माझ्यापुरतं बोलायचं तर मीही त्या देशात तरुण झाले, पण वेगळ्या मार्गानं. पुण्यात 'ताई'ची 'काकू' होते ती एखाद्या भाजीवाल्याच्या दुकानी, कुठलीही पूर्वसूचना न मिळता, आणि ती बढती परत करता येत नाही. इथे उझबेक मुलानं पहिल्या दिवशी माझं वय ऐकलं, जरा विचार केला आणि मला 'नुना' म्हणजे मुलानं थोरल्या बहिणीला म्हणायची हाक मारली. मुली 'ऑन्नी' म्हणायला लागल्या. बाजारात तर मोजे विकणारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी दिसणारी बाईसुद्धा गिऱ्हाईक म्हणून मला 'ऑन्नी' म्हणाली. मी तिच्याकडून गरजेपेक्षा पुष्कळ जास्त मोजे घेतले. खानावळीतल्या बाईला 'इमो', म्हणजे मावशी, अशी हाक मारायची. ते मला शिकवावं लागलं नाही. शेजारणीला तिच्या मुलाच्या नावानं 'अमक्याची आई' म्हणायचं, हेही नाही. सगळ्या शहराला नात्यात ओढून घेण्याची ही खोड दोघांचीही सारखीच. फरक इतकाच की आपण नातं जोडून वर चारचौघांत वय विचारणं टाळतो. ते वय विचारून मग नातं जोडतात. त्यांची पद्धत सरळ आहे, असं माझं मत होत चाललंय.

आदराचा अतिरेकही बघायला मिळतो. कॉफीच्या दुकानात काउंटरवरची मुलं गिऱ्हाइकाचा मान राखण्याच्या नादात कॉफीलाच आदरार्थी क्रियापद लावतात. म्हणजे साधारण, "आपल्या कॉफीबाई आल्या आहेत." भाषेचे जाणकार यावर कुरकुरतात, शिक्षिका वर्गात हे चूक म्हणून सांगतात, आणि मधल्या सुट्टीत खाली जावं तर कॉफीबाई आलेल्याच असतात. उलट टोकाला आमचा मंगोलियन मुलगा. तो वर्गात यायच्या आधीच घडाघडा बोलायचा, पण सगळं ऐतिहासिक मालिकांतून शिकलेला. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तो दूध मागायचा ते दरबारी थाटात, 'हुजूर, दुग्ध प्रदान व्हावं' या चालीवर. दुकानातली मुलगी त्याला दर वेळी एक केळं फुकट द्यायची. कोरियात अशा फुकट मिळालेल्या गोष्टीला 'सॉबिस' म्हणतात. आपल्या सर्व्हिसचं ते तिकडे गेलेलं रूप. पुण्यात सर्व्हिस मागितली तर दुकानदार दुपारी एक ते चार बंद असल्याची पाटी दाखवतो.

आकड्यांबद्दल थोडक्यात. कोरियनमध्ये आकडे दोन प्रकारचे, एक देशी आणि एक चिनीवरून आलेले, आणि कुठे कुठले वापरायचे याचे नियम आहेत. घड्याळात तास देशी मोजायचे आणि मिनिटं चिनी. तीन वाजून तीस मिनिटं झाली हे सांगण्यासाठी माणसाला वाक्याच्या मध्यात रूळ बदलावा लागतो. पण चिनी पद्धतीत बावीस म्हणजे सरळ 'दोन-दहा-दोन'. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस दोन' असं वाचायला सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आणि त्यात मीही हिरिरीनं 'बावीस'च्या बाजूनं होते. सोलमध्ये 'दोन-दहा-दोन' म्हणताना मला त्या पुस्तकाची आठवण व्हायची आणि मी विषय बदलायचे. मनातल्या मनात.

राहायला मी गोशिवॉनमध्ये होते. गोशिवॉन म्हणजे मूळ स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठीच्या एवढ्याएवढ्याशा खोल्या. आता तिथे परदेशी विद्यार्थी, नवे नोकरदार, एकटी माणसं, कुणीही राहतं. पलंग, टेबल, आणि त्या दोघांमध्ये तुम्ही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलाला डोळे बांधून इथे आणून सोडलं तर त्याला देश बदलल्याचं फक्त थंडीवरून कळेल. एक सोय मात्र सदाशिव पेठेत नाही: सामायिक स्वयंपाकघरात शिजवलेला भात आणि किमची फुकट. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी नाही तर मासळीचा खार असतो, पातळ भाज्यांच्या पाण्यात सुके मासे उकळलेले असतात. शाकाहारी माणसाची इथे कसोटी लागते. माझं माहेर रत्नागिरीकडचं. पुण्याच्या सोसायटीत सुकट भाजायची तर खिडक्या लावून, शेजारचे गावाला गेल्याची खात्री करून भाजावी लागते. इथे जुंगबू नावाचा अख्खा बाजार सुक्या मासळीचा, आणि बायका भर रस्त्यात मूठभर सुके मासे हुंगून भाव करताहेत. मला तिथे भाषेची अडचण कधीच आली नाही.

भात लावण्यापासून गीझर दुरुस्त करण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या एक आजुम्मा, म्हणजे काकू, तिथे होत्या. होत्या म्हणजे आम्ही त्यांना 'होत्या' म्हणायचो. त्या आम्हाला सगळ्यांना 'होतीस' म्हणायच्या. पहिल्या दिवसापासून माझ्याशी त्यांचं अगं-तुगं. "जेवलीस का?" हा त्यांचा नमस्कार. उत्तराची वाट बघायची पद्धत नाही, कारण उत्तर काहीही असलं तरी भात वाढायचाच असतो. साडेतीन तासांनी पुण्यात दिवस त्याच घटकेला आला की आईचा फोन यायचा, आणि तीही हेच विचारायची. काही पडलं-सांडलं की आजुम्मांच्या तोंडून "आईगो!" निघायचं. कोकणात कुणी कपाळावर हात मारून जे म्हणेल, तेच आणि त्याच सुरात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीतून धावत बाहेर आले होते.

२०२४ मध्ये त्यांचा छुसॉक सण आणि आपली अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली, १७ सप्टेंबरला. पुण्यात मिरवणुका निघाल्या असतील त्या वेळी मी आजुम्मांबरोबर फरशीवर बसून सोंगप्यॉन वळत होते. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ-साखर, अर्धचंद्राचा आकार, आणि खाली देवदारासारख्या पाइनच्या झाडाच्या सुया पसरून वाफवायचं. हळदीच्या पानाचा वास आपल्या मोदकांना लागतो, तसा या पाइनचा. ज्या बाईचं सोंगप्यॉन सुबक होतं तिला सुंदर मुलगी होते, अशी समजूत आहे. माझ्या हातांना सवयच एक, त्यामुळे मी प्रत्येकाला करंजीची मुरड घालत गेले. आजुम्मांनी एक उचलून उजेडात धरलं, फिरवून बघितलं. "तुला फार सुंदर मुलगी होईल," त्या म्हणाल्या. मुलगाच आहे आणि तो तिसऱ्या वर्षाला आहे, हे सांगण्याइतकं कोरियन मला तेव्हा येत होतं, पण मी सांगितलं नाही.

न सांगण्याचं कारण आता लिहिते. दुसऱ्या पातळीपर्यंत माणसाला जे बोलता येतं ते सगळं सात वर्षांच्या गुणी मुलासारखं असतं. आज हवा छान आहे. मला सफरचंद आवडतं, पण माझ्या मित्राला नाशपाती आवडते. सुट्टीत मी आईला मदत करीन. 'माझं गाव' या विषयावर मी निबंध लिहिला त्यात पुण्याबद्दल एवढंच होतं: पुणे मोठं आहे, डोंगर आहेत, लोक हुशार आहेत, दुपारी झोपतात. पुण्याबद्दल इतकं निर्मळ कुणीही कधी लिहिलेलं नसेल. टोमणा मारायला किमान चौथी पातळी लागते. त्यासाठी बोलायचं एक आणि सुचवायचं दुसरं असा व्याकरणाचा जिना चढावा लागतो, आणि मी अजून पहिल्या पायरीवर चपला काढत होते. घरी प्रत्येक गोष्टीवर ज्या बाईचं मत असतं, बँकेत जिच्या एका 'बरं'चे चार अर्थ निघतात, तीच इथे समोरचा काहीही म्हणाला तरी हसून 'खरंच?' म्हणायची, कारण पुढचा शब्द येत नव्हता. आजुम्मांच्या लेखी मी एक शांत, सालस, कमी बोलणारी मुलगी होते. असं माझ्याबद्दल माझ्या सासूबाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी मामाला विचारलं असतं, दुसरी कुणी तर परत पाठवली नाही ना?

आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. मत नसणं ही इतकी विश्रांती असते हे मला माहीत नव्हतं. बाहेर शून्याखाली दहा-बारा अंश, खाली फरशी गरम, कुणीतरी आपल्याला अगं म्हणतंय, भात वाढतंय, आणि आपल्यावर जबाबदारी काय, तर उद्याच्या शब्दांची चाचणी.

मग तिसरी पातळी आली आणि तिच्याबरोबर अप्रत्यक्ष कथन. तो म्हणाला की, ती विचारत होती की, अमक्यानं सांगितलं म्हणे. व्याकरणाच्या पुस्तकात याची सहा-सात पानी कोष्टकं आहेत आणि फ्रेंच मुलगा ती बघून पुन्हा एकदा खचला. मी मात्र ती एका बैठकीत पाठ केली. माणूस भाषेत खऱ्या अर्थानं राहायला येतो तो तिसऱ्याबद्दल बोलता यायला लागलं की. त्या आठवड्यापासून आजुम्मांच्या स्वयंपाकघरातली माझी बैठक लांबत गेली. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा रात्री कुणाशी फोनवर रडतो, समोरच्या इमारतीच्या मालकिणीनं मुलाच्या लग्नात किती खर्च केला म्हणे, हे सगळं मला प्रत्ययांसकट कळू लागलं. जपानी आजींना मी हे अभिमानानं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि ती तुमच्याबद्दल वर काय सांगते, ते कुणी सांगितलं का तुम्हाला?" सत्तर वर्षं जगलेल्या माणसाला चौथ्या पातळीची गरज पडत नाही.

अशाच एका गप्पांत आजुम्मांनी माझी राशी विचारली. म्हणजे आपली मेष-वृषभ नव्हे; त्यांच्याकडे बारा वर्षांचं चक्र, दर वर्षाला एक प्राणी. प्राणी विचारला की वय विचारायची गरज उरत नाही, चेहऱ्याकडे बघून बाराचा पाढा लावायचा. मी म्हटलं, घोडा.

त्यांचा हात पातेल्यावर थांबला. १९९० चा घोडा तर मी दिसत नव्हते. राहिला १९७८ चा. त्या स्वतः माकड, १९८० च्या.

"आईगो," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वाक्याला शेपूट फुटली. 'घे' चं 'घ्यावं' झालं, 'जेवलीस' चं 'जेवलात'. भाताचा वाडगा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला, कारण मोठ्यांना एका हातानं द्यायचं नसतं. मी परोपरीनं सांगितलं की कृपा करून पहिल्यासारखंच अगं म्हणा. कोरियनमध्ये यासाठी शिष्टसंमत वाक्य आहे आणि मी ते बिनचूक म्हटलं, त्यामुळे तर त्या आणखीच अवघडल्या. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. इतके महिने आपण थोरल्या बाईला एकेरीत हाक मारत होतो, तिच्या अंगावर ओरडलो, गीझर चालू ठेवला म्हणून, याचा त्यांना धक्का बसला होता. आणि मला याचा, की माझी पुन्हा काकू झाली.

आठवडाभर आम्ही एकमेकींना मान देत हिंडलो. भयंकर आठवडा. कॉरिडॉरमध्ये दोघीही वाट देऊन उभ्या, पुढे कुणीच जाईना. मग रविवारी त्यांनीच दार वाजवलं आणि जवळच्या एका छोट्या खानावळीत काल्गुक्सू, म्हणजे हातानं कापलेल्या शेवयांचं गरम पातळ, खायला चला म्हणाल्या. आम्ही गेलो, पोटभर खाल्लं, समोरच्या मालकिणीचा विषय निघाला आणि जीभ जरा सैल झाली. बिल आलं. त्यांनी ते बघितलंही नाही. दोन बोटांनी हलकेच माझ्या बाजूला सरकवलं आणि समजावून सांगितलं की आमच्याकडे बरोबर गेल्यावर थोरलं माणूस पैसे देतं, रीतच आहे तशी. मी पाकीट काढलं. त्यांनी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे नजर टाकली.

"ऑन्नी," अगदी धाकट्या बहिणीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मांदूची एक प्लेट अजून सांगू का?"